गाणं आणि गाठ : प्रस्तावना

२४ ऑगस्ट १९७६ रोजी अमेरिकेतल्या ‘द टुनाइट शो’ या रात्रीच्या लोकप्रिय कार्यक्रमात मिनी रिपर्टन ही सोल गायिका पाहुणी म्हणून आली होती. नेहमीचे सूत्रधार जॉनी कार्सन त्या दिवशी नव्हते. त्यांच्या खुर्चीत विनोदी नट फ्लिप विल्सन बसले होते. बोलण्याच्या ओघात अठ्ठावीस वर्षांच्या मिनीने सांगितलं, की तिला स्तनाचा कर्करोग झाला आणि शस्त्रक्रिया करून स्तन काढावा लागला. हे सांगणारा आवाज देशभरातल्या घरांत आधीच ओळखीचा होता. सव्वा वर्षापूर्वी, एप्रिल १९७५मध्ये, तिचं ‘लव्हिन यू’ हे गाणं बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं होतं. रेडिओवर ते लागलं की माणसं हातातलं काम थांबवून ऐकत. त्याच गळ्यातून आता असा एक शब्द बाहेर पडला होता, जो त्या काळी वर्तमानपत्रंही बिचकत छापत आणि घराघरांत दबक्या आवाजातच उच्चारला जाई.

या पुस्तकाची सुरुवात मी त्या रात्रीपासून केली आहे. सोल संगीत आणि स्तनाचा कर्करोग यांचा संबंध वरवर पाहता योगायोगाचा वाटेल. लाखो बायकांना हा आजार होतो, तसा तो काही गायिकांनाही झाला. मग त्यासाठी वेगळं पुस्तक कशाला, असं कुणी विचारू शकेल. माझं उत्तर असं, की सोल ही गायकीच अशी आहे, जिच्यात गाणाऱ्याने स्वतःच्या जगण्याचा हवाला द्यावा अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आजार आल्यावर ही अपेक्षा या गायिकांनी कशी पेलली, कोण मोकळेपणाने बोललं, कोण गप्प राहिलं, आणि त्या बोलण्याने इतर बायकांच्या पदरात नक्की काय पडलं, हे मला तपासून पाहायचं होतं. तपासाअंती माझं मत असं झालं आहे, की गाणाऱ्याचा आवाज लोकांचं लक्ष वेधून देतो, पण जीव वाचतो तो वेळेवर झालेल्या निदानाने आणि पुऱ्या उपचारांनी. पहिलं झालं म्हणजे दुसरं आपोआप होईल, या समजुतीची किंमत बायकांनी मोजली आहे.

सोलची मुळं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये आहेत. प्रार्थनेला जमलेल्यांपैकी कुणीही उठून उभं राहावं, आपल्यावर काय गुदरलं आणि त्यातून आपण कसे तरलो हे सगळ्यांसमोर सांगावं, आणि बाकीच्यांनी हुंकार भरून, टाळ्या देऊन त्याला धीर द्यावा, अशी तिथली रीत. सांगता सांगता सूर लागतो आणि सांगण्याचं गाणं होतं. १९५४ साली रे चार्ल्स यांनी ‘आय गॉट अ वुमन’मध्ये ही चर्चची ढब सरळ प्रेमगीताला लावली. १९५७मध्ये सॅम कुक भक्तिसंगीत सोडून लोकप्रिय गाण्यांकडे वळले. डेट्रॉइटच्या एका नामवंत धर्मोपदेशकाची मुलगी अरीथा फ्रँकलिन वडिलांच्या चर्चमध्ये गातच मोठी झाली, आणि कीर्तीच्या शिखरावर असताना, १९७२मध्ये, ‘अमेझिंग ग्रेस’ हा ध्वनिमुद्रिकासंच करण्यासाठी पुन्हा लॉस एंजेलिसमधल्या एका चर्चमध्ये गेली. गाणं प्रेमाचं असो की देवाचं, स्वतःवर बेतलेलं चारचौघांत सांगण्याची सवय सोलच्या हाडीमांसी खिळलेली होती. मात्र एका विषयाला तिथेही मज्जाव होता. दारिद्र्य, वंचना, प्रियकराची बेइमानी यांबद्दल गाता येई. स्वतःच्या स्तनात आलेल्या गाठीबद्दल नाही.

मिनी या परंपरेत आली ती जरा वेगळ्या वाटेने. तिचा जन्म ८ नोव्हेंबर १९४७चा, शिकागोचा. आठ भावंडांत ती धाकटी. लहानपणी तिला ऑपेराची रीतसर तालीम मिळाली. श्वास कुठे घ्यायचा, किती पुरवायचा, शब्दाचा शेवट कसा सोडायचा, हे सारं शिस्तीत शिकली. पण ओढ होती ती शेजारच्या गल्ल्यांत वाजणाऱ्या संगीताची. पंधरा-सोळाव्या वर्षी ती ‘द जेम्स’ या मुलींच्या गटात गायला लागली. शिकागोच्या चेस रेकॉर्ड्स या कंपनीत ती स्वागतिका म्हणून बसे आणि स्टुडिओत इतरांच्या मागे साथीला गाई; फोंटेला बास यांच्या १९६५च्या गाजलेल्या ‘रेस्क्यू मी’मध्ये मागे ऐकू येणाऱ्या आवाजांत तिचाही आवाज आहे. पुढे चार्ल्स स्टेपनी या संगीत संयोजकाच्या हाताखाली ती ‘रोटरी कनेक्शन’ या गटात गायली. त्यांनीच संयोजन केलेला ‘कम टू माय गार्डन’ हा तिचा पहिला स्वतंत्र संच १९७०मध्ये आला. आज जाणकार तो डोक्यावर घेतात. त्या वेळी त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. नवरा रिचर्ड रुडॉल्फ हा गीतकार. दोघं काही काळ फ्लोरिडात जाऊन संसारात रमले, आणि मग एपिक रेकॉर्ड्सशी करार झाल्यावर लॉस एंजेलिसला आले.

१९७४च्या ‘परफेक्ट एंजल’ या संचाची निर्मिती स्टीव्ही वंडर यांनी केली. ते मोटाउन कंपनीशी करारबद्ध असल्याने त्यांनी ‘एल तोरो नेग्रो’ हे टोपणनाव घेतलं. ‘लव्हिन यू’ याच संचातलं. मुळात ती धाकट्या लेकीला, मायाला, गुंतवून ठेवण्यासाठी गुणगुणलेली चाल, आणि गाण्याच्या शेवटी मिनी लेकीचं नावही घेते. गाण्यात ढोल नाही, ड्रम नाही. गिटार, इलेक्ट्रिक पियानो आणि पक्ष्यांची किलबिल एवढ्यावर ते उभं आहे. आणि मग तिचा स्वर नेहमीच्या तारसप्तकाच्याही वर जातो. माणसाच्या आवाजाचा हा सर्वांत वरचा पल्ला. इंग्रजीत त्याला ‘व्हिसल रजिस्टर’ म्हणतात. या उंचीवर स्वरतंतूंचा अगदी थोडा भाग कंप पावतो आणि सेकंदाला हजाराहून जास्त कंपनं होतात. पुष्कळ गायिका तिथे पोचल्या तरी नुसती किंकाळी काढून परततात. मिनी तिथे हरकती घेई, शब्दसुद्धा म्हणे. तिचा गळा साडेपाच सप्तकांचा असल्याच्या दंतकथा झाल्या. सप्तकं मोजण्याचा नाद सोडून गाणं नीट ऐकलं तर ध्यानात येतं, की खरी करामत उंचीत नाही. इतक्या वर जाऊनही आवाजावर ताण दिसत नाही. आई बाळाशी बोलतेय एवढीच भावना टिकते.

‘लव्हिन यू’ पहिल्या क्रमांकावर गेल्याला वर्षही झालं नव्हतं, तोच १९७६च्या जानेवारीत निदान झालं. त्या काळचं वैद्यक काय होतं हे समजल्याशिवाय मिनीचं बोलणं किती मोठं होतं हे कळणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाल्टिमोरचे शल्यविशारद विल्यम हॅल्स्टेड यांनी जी शस्त्रक्रिया रूढ केली, तिच्यात स्तनासोबत त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिकाग्रंथी अशा सगळ्या गोष्टी काढून टाकत. जितकं जास्त कापावं तितका रोग हटेल, हा त्यामागचा तर्क. पाऊणशे वर्षं तो प्रमाण मानला गेला. शिवाय गाठ तपासणं आणि स्तन काढणं हे एकाच भुलीत उरकलं जाई. गाठीचा तुकडा शेजारच्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, कर्करोग ठरला की लगेच पुढची शस्त्रक्रिया करायची. बाई टेबलावर जाताना तिला माहीत नसे की आपण स्तनासह उठणार की स्तनाविना. रोज कुशनर या पत्रकार महिलेने स्वतःच्या आजारानंतर या पद्धतीविरुद्ध जोरदार लढा दिला. दुसरीकडे पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर मोठमोठ्या चाचण्या घेऊन दाखवत होते की हा आजार लवकर रक्तावाटे पसरतो, आणि म्हणून नुसतं जास्त कापून जास्त जीव वाचत नाहीत. मिनीचं निदान झालं त्याच वर्षी मिलानच्या जान्नी बोनादोना यांनी शस्त्रक्रियेनंतर तीन औषधांची केमोथेरपी दिल्यास रोग उलटण्याचं प्रमाण घटतं, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. टॅमॉक्सिफेन या हार्मोनविरोधी गोळीला अमेरिकेत परवानगी मिळाली ती १९७७च्या अखेरीस. म्हणजे जुनं वैद्यक मोडत होतं आणि नवं अजून दवाखान्यापर्यंत पोचलं नव्हतं, अशा नेमक्या सांध्यावर ती आजारी पडली.

तिच्याआधी कोणी बोललंच नव्हतं असं नाही. बालनटी म्हणून जगप्रसिद्ध झालेल्या शर्ली टेंपल ब्लॅक यांनी १९७२मध्ये आपली शस्त्रक्रिया जाहीर केली. १९७४च्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांची शस्त्रक्रिया झाली. व्हाइट हाउसने ती लपवली नाही, आणि त्यानंतर इतक्या बायका तपासणीला गेल्या की देशाच्या निदानाच्या आकड्यांत त्या काळाचा उंचवटा स्पष्ट दिसतो. काही आठवड्यांतच, उपराष्ट्राध्यक्षपदासाठी नाव जाहीर झालेल्या रॉकफेलर यांच्या पत्नी हॅपी यांचंही निदान झालं. पण या सगळ्या गोऱ्या, सुस्थितीतल्या, मध्यमवयीन बायका. मिनी कृष्णवर्णीय होती, तिशीच्या आत होती, दोन लहान मुलांची आई होती, आणि रंगमंचावर केसांत फुलं माळून येणारी, मादक प्रेमगीतं गाणारी बाई होती. स्तन गेल्यावर बाईपण जातं या समजाला तिच्या नुसत्या गात राहण्याने जेवढा धक्का बसला तेवढा कुठल्याही पत्रकाने बसला नसता. पुढे ती अमेरिकन कॅन्सर सोसायटीची प्रवक्ती झाली. गावोगाव जाऊन लवकर निदानाविषयी बोलली. सोसायटीचा धैर्य पुरस्कार तिला राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या हस्ते देण्यात आला.

या कहाणीतली एक बाजू गौरवलेखांतून सहसा निसटते. निदान झालं तेव्हाच रोग पसरला होता आणि डॉक्टरांनी तिला थोड्याच महिन्यांची मुदत दिली होती. तिने आजार जाहीर केला, शस्त्रक्रिया जाहीर केली. पण आपण बरं होणार नाही हे चारचौघांत सांगितलं नाही. लोकांनी पाहिली ती रोगावर मात केलेली, हसतमुख, नव्या जोमाने गाणारी मिनी. याला खोटेपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. स्वतःच्या मरणाची बातमी जगाला केव्हा द्यायची हा सर्वस्वी तिचा अधिकार. मुलांसमोर, नवऱ्यासमोर, वाद्यवृंदासमोर रोज उभं राहायचं तर काही गोष्टी झाकूनच ठेवाव्या लागतात. पण तिच्या मौनातून जनजागृतीच्या कामाला एक वळण लागलं, ते मात्र निखळ चांगलं नव्हतं. लवकर सांगा, हसत राहा, लढा, जिंकाल, असा एक साचा पडला. ज्या बायका हसू शकल्या नाहीत किंवा जिंकल्या नाहीत, त्यांना त्या साच्यात जागा उरली नाही.

हा साचा नाकारणारं लेखन लवकरच आलं, आणि तेही एका कृष्णवर्णीय बाईकडून. कवयित्री ऑड्री लॉर्ड यांचा स्तन १९७८मध्ये काढला गेला. १९८०मध्ये त्यांचं ‘द कॅन्सर जर्नल्स’ प्रसिद्ध झालं. कृत्रिम स्तन लावून काही झालंच नाही असं दाखवायला त्यांनी नकार दिला. आपली भीती, आपला राग उघड मांडला. रिपर्टन आणि लॉर्ड यांना समोरासमोर ठेवून वाचावं असं मला वाटतं. एकीने आजार सांगितला आणि वेदना झाकली, दुसरीने वेदनाच सांगितली. दोघींचीही गरज होती. पण टीव्हीवर जागा मिळाली ती पहिलीला, हेही लक्षात ठेवायला हवं.

मिनीने आजाराबद्दल भाषणं केली, मुलाखती दिल्या, पण गाण्यात आजार आणला नाही. निदानानंतरचे तिचे संच ऐका, तिथे प्रेम आहे, आठवणी आहेत, खट्याळपणा आहे. आपलं दुःख विकायला तिने ठेवलं नाही. १९७९चा ‘मिनी’ हा संच, आणि त्यातलं ‘मेमरी लेन’ हे गाणं, आज आपण शेवट माहीत असल्यामुळे डोळे पुसत ऐकतो. तो आपला दोष, गाण्याचा नाही. त्या वर्षाच्या सुरुवातीपासून तिचा उजवा हात हलेनासा झाला होता. काखेतल्या ग्रंथी काढल्या किंवा त्यांत रोग भरला, की हातातला लसिका नावाचा द्राव परत वाहून जायला वाट राहत नाही. तो साचतो, हात सुजून जड होतो, त्वचा ताणली जाते. याला लिम्फेडेमा म्हणतात. तिच्या अखेरच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात, ‘द माइक डग्लस शो’मध्ये, तो हात एकाच स्थितीत धरलेला दिसतो आणि आवाज मात्र जागच्या जागी आहे. १२ जुलै १९७९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये तिचं निधन झालं. वय एकतीस. माया, आज अमेरिकेत नावाजलेली विनोदी अभिनेत्री माया रुडॉल्फ, तेव्हा सात वर्षांचीही नव्हती. साधारण महिनाभर आधी, जून १९७९मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञ परिषदेने हॅल्स्टेडची जुनी शस्त्रक्रिया सरसकट करू नये, आणि तपासणी व शस्त्रक्रिया या दोन वेगळ्या पायऱ्या असाव्यात, अशी शिफारस केली होती. रोज कुशनर त्या मंडळावर होत्या.

पुस्तकातली पुढची प्रकरणं इतर गायिका आणि गीतकारांची आहेत, त्यांची इथे धावती ओळख देते. लिंडा क्रीड ही फिलाडेल्फियाची गीतकार. संगीतकार थॉम बेल यांच्याबरोबर तिने ‘द स्टायलिस्टिक्स’ या गटासाठी ‘यू मेक मी फील ब्रँड न्यू’सारखी गाणी लिहिली. सव्विसाव्या वर्षी तिला स्तनाचा कर्करोग झाला. त्या आजारात असतानाच मुहम्मद अलींवरच्या १९७७च्या ‘द ग्रेटेस्ट’ या चित्रपटासाठी तिने ‘द ग्रेटेस्ट लव्ह ऑफ ऑल’चे शब्द लिहिले. स्वतःवर प्रेम करायला शिकण्याबद्दलचं ते गाणं आधी जॉर्ज बेन्सन यांनी गायलं. व्हिटनी ह्यूस्टनने गायलेलं रूप १९८६च्या मे महिन्यात पहिल्या क्रमांकावर गेलं. लिंडा त्याच्या महिनाभर आधी, १० एप्रिलला, सदतिसाव्या वर्षी गेली होती. लग्नकार्यापासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत जगभर वाजणाऱ्या या गाण्यामागे एक आजारी तरुण आई आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

अरीथाची धाकटी बहीण कॅरोलिन फ्रँकलिन हीही गायिका आणि गीतकार. अरीथाने १९६८मध्ये गायलेलं ‘एन्ट नो वे’ तिचंच. ती १९८८मध्ये स्तनाच्या कर्करोगाने, त्रेचाळिसाव्या वर्षी वारली. ब्रिटनची डस्टी स्प्रिंगफील्डही सोल गायली आणि तिचा १९६९चा ‘डस्टी इन मेम्फिस’ अजरामर झाला. १९९४मध्ये तिचं निदान झालं, उपचार झाले, रोग उलटला आणि १९९९मध्ये ती गेली. नीना सिमोन यांनी आयुष्यभर कुणाची भीड न ठेवता राजकारणावर गाणी गायली, पण अखेरची काही वर्षं सोबतीला असलेल्या याच आजाराचा गाजावाजा केला नाही. २००३मध्ये फ्रान्समध्ये त्यांचं निधन झालं. गप्प राहणाऱ्यांनाही या पुस्तकात तितकीच आदराची जागा आहे. आजारी बाईवर समाजशिक्षणाचं ओझं टाकायचं की नाही हे तिने ठरवायचं असतं.

गाण्यात आजार यायला आणखी वेळ लागला, आणि तो आला फ्रँकलिन घराण्याच्याच एका धाग्याने. १९६७मध्ये अरीथाची थोरली बहीण अर्मा हिने ‘पीस ऑफ माय हार्ट’ हे सोलगीत पहिल्यांदा गायलं. पुढे ते रॉक गायिका जॅनिस जॉप्लिनने गाजवलं. २००५च्या ग्रॅमी सोहळ्यात जॉप्लिनच्या स्मरणार्थ तेच गाणं म्हणायला रॉक गायिका मेलिसा एथरिज उभी राहिली, ती केमोथेरपीने केस गेलेल्या उघड्या डोक्याने. टोप नाही, रुमाल नाही, आणि आवाजाला कुठे कसर नाही. ते पाहून इंडिया एरी या सोल गायिकेला ‘आय ॲम नॉट माय हेअर’ हे गाणं सुचलं. २००६च्या तिच्या संचातल्या या गाण्यात कृष्णवर्णीय बायकांच्या केसांचं राजकारण आणि कर्करोगाने गेलेले केस दोन्ही एकत्र येतात. मिनीने ज्या गोष्टी मुलाखतीत सांगितल्या, त्या गाण्यात यायला तीस वर्षं लागली.

या तीस वर्षांत जनजागृती हा मोठा उद्योग झाला. १९८५पासून ऑक्टोबर हा स्तनकर्करोग जागृतीचा महिना ठरला, १९९२पासून गुलाबी फीत आली, आणि दह्याच्या डब्यापासून फुटबॉलच्या बुटांपर्यंत सगळं गुलाबी झालं. शस्त्रक्रिया छोट्या झाल्या, औषधं सुधारली, अमेरिकेत या रोगाने होणारे मृत्यू १९९०च्या आसपासपासून घटत गेले. पण मिनीच्या समाजातल्या बायकांचं काय झालं? १९८०च्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय बायकांचा या रोगाने होणारा मृत्युदर जवळपास सारखा होता. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाची क्ष-किरण तपासणी, आणि टॅमॉक्सिफेन आल्यावर गोऱ्या बायकांचे मृत्यू झपाट्याने घटले, कृष्णवर्णीयांचे तितके घटले नाहीत, आणि दरी पडली. आज कृष्णवर्णीय बायकांत रोगाचं प्रमाण किंचित कमी असूनही मृत्युदर सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आहे. ट्रिपल निगेटिव्ह हा हार्मोनच्या गोळ्यांना दाद न देणारा आक्रमक प्रकार त्यांच्यात दुपटीने आढळतो, हे एक कारण. पण विमा नसणं, निदानाला आणि उपचाराला उशीर होणं, चांगलं रुग्णालय दूर असणं, ही कारणं कमी वजनाची नाहीत. आजाराची माहिती सगळ्यांना झाली होती. उपचार सगळ्यांपर्यंत पोचले नाहीत.

जागृतीचा मजकूरही काळाबरोबर बदलावा लागतो. मिनीच्या काळात दर महिन्याला ठरावीक पद्धतीने स्वतःची स्तनतपासणी करा असा सल्ला दिला जाई. शांघायमधल्या कापड गिरण्यांच्या २,६६,०००हून अधिक कामगार स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे अंतिम निष्कर्ष २००२मध्ये आले. अशी तपासणी शिकवल्याने मृत्यू घटत नाहीत, असं त्यातून दिसलं. म्हणून आता तारीखवार विधीपेक्षा आपल्या स्तनांची नेहमीची ठेवण ओळखीची असावी आणि बदल दिसला की लगेच दाखवावं, यावर भर आहे. अमेरिकेत ४० ते ७४ या वयात दोन वर्षांनी एकदा मॅमोग्राफी करावी अशी २०२४ची शिफारस आहे. मिनी मात्र अठ्ठावीस वर्षांची होती. त्या वयात स्तनाची ऊती दाट असते, मॅमोग्राफीत गाठ सहज दिसत नाही, आणि कुठल्याच सरसकट तपासणी योजनेत ती बसली नसती. आज इतक्या तरुण वयात निदान झालं तर डॉक्टर घराण्यातला इतिहास विचारतात आणि जनुकीय चाचणी सुचवतात. या चाचणीत तपासलं जाणारं बीआरसीए १ हे जनुक सापडलं १९९४मध्ये.

या ठिकाणी आपल्या महाराष्ट्राचा खरा संबंध येतो. मॅमोग्राफीची यंत्रं गावोगाव बसवणं परवडणार नाही, मग प्रशिक्षित आरोग्यसेविकेने हाताने केलेली तपासणी कितपत उपयोगी पडेल, हा प्रश्न मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८मध्ये हाती घेतला. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया या चाचणीत होत्या, आणि वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात रोग आधीच्या टप्प्यावर सापडला. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. सगळ्या वयांचा एकत्र विचार केला तर घट दिसली, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरली नाही. हा निष्कर्ष मी मुद्दाम त्याच्या मर्यादेसकट सांगते. जागृतीच्या नावाखाली अर्धंमुर्धं सांगण्याची सवय आपल्याला सोडायची आहे. जागतिक अंदाजांनुसार २०२२मध्ये भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा आजार झाला आणि सुमारे ९८ हजार दगावल्या. आपल्याकडे बायका उशिरा येतात. गाठ दुखत नाही, मग कशाला दाखवायची. मुलाची परीक्षा होऊ दे. दिवाळी होऊ दे. आधी घरातल्यांचं, मग माझं. सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, आणि घात नेमका तिथेच होतो.

मराठी वाचकाला मिनी रिपर्टन कशाला, असं कुणी म्हणेल. मला तिचा उपयोग एवढाच वाटतो, की तिच्या निमित्ताने या विषयाकडे भाषणबाजीशिवाय जाता येतं. तिचं गाणं आधी गाणं म्हणून ऐकावं. तिच्या आजाराची पाटी त्यावर लावू नये. तिने स्वतः ती लावली नव्हती. तिचं बोलणं बोलणं म्हणून वाचावं, त्यातलं धैर्य मान्य करावं आणि त्यातला गाळलेला भागही पाहावा. वैद्यकीय माहितीची प्रकरणं शक्य तितक्या सोप्या भाषेत लिहिली आहेत, पण पुस्तक डॉक्टरांची जागा घेऊ शकत नाही, आणि कुठल्याही गायिकेचं धैर्य औषधाची जागा घेऊ शकत नाही. मिनीने सगळं केलं होतं. शस्त्रक्रिया करून घेतली, उघडपणे बोलली, दुसऱ्या बायकांना सावध केलं. तरी ती वाचली नाही, कारण रोग आधीच पसरला होता. वेळेवर झालेलं निदानही जगण्याची खात्री देत नाही. वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढवतं आणि निवडीला वाव देतं. बायकांना एवढं खरं सांगितलं तरी त्या तपासणीला येतात, असा माझा विश्वास आहे.

तेव्हा वाचकांना एक विनंती. स्तनात किंवा काखेत नवी गाठ लागली, त्वचेवर खळी पडली किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागली, स्तनाग्र आत ओढलं गेलं, त्यातून रक्त किंवा पाणी आलं, एका स्तनाचा आकार बदलला, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण ते तपासूनच ठरतं, अंदाजाने नाही. आई, बहीण किंवा मावशी-आत्याला तरुण वयात हा आजार झाला असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. आणि हे पुस्तक पुरुषांनीही वाचावं. बाईला दवाखान्यात जायला वेळ, पैसा आणि सोबत मिळते की नाही, हे आपल्या घरांत अजून बहुतेक वेळा तेच ठरवतात.